लेकराचे प्रारब्ध आणि आईबापांचे कर्तव्य

गेल्या माघ महिन्यात एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात कीर्तनसेवेचा योग आला. रात्रीचे कीर्तन आटोपले, आरती झाली, मंडळी बुक्का लावून पांगली. एक तरुण बाई तेवढी खांबाशी उभी राहिली. कडेवर तीन वर्षांचा मुलगा होता. तिने त्याला खाली ठेवताच त्याने प्रसादाच्या डब्याचे गोल झाकण उचलले, जमिनीवर भोवऱ्यासारखे फिरविले आणि त्या फिरण्याकडे एकटक पाहत बसला. झाकण पडले की पुन्हा फिरवी. आईने नाव घेऊन चार हाका मारल्या, पण त्याने मान वर केली नाही.

बाई म्हणाली, "महाराज, तीन वर्षं पुरी झाली, अजून आई म्हणत नाही. दीड वर्षाचा असताना दोन-तीन शब्द बोलायचा, तेही गेले. सासूबाई म्हणतात, याचा बाप पण उशिराच बोलला. शेजारीण म्हणते, गरोदरपणी ग्रहण पाळलं नसशील. आमच्या दिंडीतले एक बाबा म्हणाले, प्रारब्ध आहे, भोगून संपवायचं. मला वाटतं डॉक्टरला दाखवावं. तर घरात म्हणतात, गळ्यात माळ घातलीस आणि पांडुरंगावर भरवसा नाही? महाराज, माझं चुकतं का?"

हा प्रश्न एका बाईचा नाही. आमच्या या मासिकाच्या वाचकांत असे आईबाप असतील, आणि त्याहून अधिक असे लोक असतील की ज्यांच्यापाशी असे आईबाप सल्ला मागावयास येतात. म्हणून त्याचा विचार येथे मोकळेपणी करावयाचे योजिले आहे.

प्रथम आमच्या पदरचा एक अपराध सांगितला पाहिजे. 2001 साली असाच प्रश्न आम्हांस एका आईने विचारला होता. मुलगा अडीच वर्षांचा, शांत, बोलत नसे. आम्ही तेव्हा चाळिशीत होतो, पाठांतराचा ताठा होता. भागवताच्या पंचम स्कंधातील जडभरताची कथा तिला सांगितली. म्हणालो, "माई, बोलत नाहीत ती सारीच मुलं मंद नसतात. कोण महात्मा पोटी आला आहे कोणास ठाऊक! नाम घे, वेळ आली की बोलेल." ती समाधानाने गेली. आम्हांसही वाटले, छान बोललो. पुढे पाच वर्षांनी आषाढीच्या वाटेवर तीच बाई भेटली. मुलगा बरोबर होता, सात वर्षांचा. त्याला ऐकूच येत नव्हते. कानांची तपासणी शाळेत घालताना प्रथम झाली. "आधी आणला असता तर बोलणं शिकवायला सोपं गेलं असतं," असे डॉक्टर तिला म्हणाले होते. तिने आम्हांला एका शब्दाने दोष दिला नाही; वाकून पाया पडली. ते पाया पडणे आम्हांला आजवर टोचते आहे.

आता शास्त्राच्या दृष्टीनेही आमचे बोलणे चुकीचेच होते. जडभरत मुका नव्हता. त्याला बोलता येत होते. पूर्वजन्मीच्या आसक्तीचे भय धरून त्याने जाणूनबुजून जडाचे सोंग घेतले होते. राजा रहूगणाची पालखी वाहताना प्रसंग आला तेव्हा तो बोलला, आणि असे बोलला की राजा पालखीतून खाली उतरला. जो बोलू शकतो पण बोलत नाही, त्याचा दृष्टांत जो बोलू इच्छितो पण बोलू शकत नाही त्याला लावणे, हा दृष्टांताचा दुरुपयोग होय. जेथे कान तपासावयास हवा होता, तेथे आम्ही कथा सांगितली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पूर्वपक्ष असा: जन्माला येणारा जीव आपले प्रारब्ध घेऊन येतो. ते भोगल्याशिवाय सुटत नाही. धनुष्यातून सुटलेला बाण परत घेता येत नाही, तसेच ते आहे. मग धडपड कशाला?

समाधान असे: बाणाचा दृष्टांत खरा, पण तो प्रारब्धापुरता. कर्माचे प्रकार तीन: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. सुटलेला बाण आपला नव्हे, पण हातात असलेला आपलाच आहे. आणि मुलाच्या वाट्यास काय आले आहे, हे आपल्याला आधी कळते कोठून? औषध घेतले, प्रयत्न केला, शिकविले आणि मग जे उरले, ते प्रारब्ध. प्रयत्नाच्या आधी उच्चारलेले प्रारब्ध हे प्रारब्ध नव्हे. तो आळस असतो किंवा भय असते, फक्त त्याने शास्त्राचा अंगरखा घातलेला असतो.

गीतेच्या 18व्या अध्यायात भगवंतांनी कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. पहिले अधिष्ठान म्हणजे देह, दुसरे कर्ता, तिसरे करण म्हणजे इंद्रिये, चौथे चेष्टा म्हणजे नानाविध व्यापार, आणि पाचवे दैव. भाष्यकार दैव या शब्दाने इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता घेतात; आपण बोलण्यात पूर्वकर्म म्हणतो. अर्थ कोणताही घ्या, क्रमाने ते पाचवेच आहे. आपण मात्र बोट पाचव्यावर ठेवून पहिल्या चारांकडे पाहतच नाही. ज्याच्या लेकराला बोलता येत नाही त्याने आधी देह पाहावा, मग इंद्रिये पाहावीत, कान तर सर्वांआधी. मग शिकविण्याची, बोलते करण्याची खटपट करावी. हे चार दरवाजे ठोठावल्यावाचून पाचव्या दाराशी धरणे धरून बसण्याची आज्ञा गीतेने कोणाला दिलेली नाही.

तेथेच पुढे भगवंत सांगतात की एवढी कारणे असताना जो केवळ आत्म्यालाच कर्ता समजतो, तो नीट पाहत नाही. त्या वचनाचा मुख्य विषय वेदान्ताचा आहे, हे आम्ही जाणतो. पण 'माझ्यामुळेच माझं बाळ असं झालं' म्हणून रात्ररात्र रडणाऱ्या आईलाही त्यात आधार आहे. माई, तू एकटी कारण नव्हेस.

ग्रहण पाळले नाही, कोणाचे मन दुखविले, मागल्या जन्मी पाप केले, असे आईला म्हणणारे गावोगाव भेटतात. हा दोष केवळ आपल्याकडचा आहे असेही नव्हे. अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या वैद्याने 1943 साली अशा 11 मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यास इंग्रजीत ऑटिझम म्हणतात. आपल्याकडे स्वमग्नता असा शब्द रूढ झाला आहे. पुढे पुष्कळ वर्षे तेथील विद्वानही म्हणत राहिले की आई मायेने थंड असते म्हणून मूल असे होते. तेथे पाप हा शब्द नव्हता इतकेच. बोट आईकडेच होते. 1964 साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने ग्रंथ लिहून त्या मताचा पाया काढून घेतला. तो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता. आज एवढे निश्चित झाले आहे की स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता आहे, तिच्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे, आणि आईच्या वागण्याने किंवा मायेच्या कमतरतेने ती होत नाही.

दुसऱ्याच्या दुःखाला प्रारब्ध हा शब्द लावण्याचा अधिकार कोणाला? आमच्या मते, कोणालाही नाही. प्रारब्ध हा शब्द स्वतःपुरता आहे. माझे दुःख मी प्रारब्ध म्हणून सोसावे. त्याला वैराग्य म्हणतात. शेजाऱ्याचे दुःख मी प्रारब्ध म्हणून सोडून द्यावे, याला निष्ठुरता म्हणतात. शब्द एकच, पण तोंड बदलले की पुण्याचे पाप होते.

आता श्रद्धेची गोष्ट. काळजी वाटणे म्हणजे भरवसा नसणे काय? तेरच्या गोरोबाकाकांची कथा आम्ही चाळीस वर्षे सांगत आलो. काका चिखल तुडवीत नामात रंगले, रांगते मूल पायाखाली आले, कळले नाही. टाळकरी येथे डोळे पुसतात. आम्ही नेहमी काकांच्या तल्लीनतेवर निरूपण केले. त्या रात्री या बाईसमोर बसल्यावर प्रथम लक्षात आले की त्या कथेत मूल सांभाळा म्हणून सांगून पाण्याला गेलेली एक आई आहे, आणि परत आल्यावर तिने फोडलेला हंबरडा आहे. त्या हंबरड्याला संतांनी अश्रद्धा म्हटलेले नाही. आणि कथेत काकांना जे मूल परत मिळाले, ते देवाने दिले; आपण त्या भरवशावर लेकरे पायाखाली घ्यावीत, असा त्या कथेचा अर्थ कधीच नव्हता. आईचे लक्ष लेकरावर असणे हाही देवाचाच पहारा आहे. तिला काही वेगळे दिसले तर ते देवानेच दाखविले, असे का समजू नये?

काही आईबाप तपासणीला भितात. म्हणतात, "डॉक्टर शिक्का मारतील, मग जन्माचं तेच." त्यांनी काकांचीच दुसरी कथा आठवावी. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी संतमेळ्यात एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारून पाहिले, आणि नामदेवांना कच्चे ठरविले. नामदेव रागावले, दुखावले. पण कच्चे ठरल्याने त्यांना कोणी मेळ्यातून घालविले नाही. ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, आणि पुढचे नामदेव झाले. थापटणे मडके फोडण्यासाठी नसते. कोठे आधार द्यावयाचा, हे कळावे म्हणून असते. कुंभार बाहेरून थापटतो तेव्हा त्याचा दुसरा हात आतून मडक्याला धरून असतो. तपासणीच्या वेळी तो आतला हात आईबापांनी व्हावे.

आणि वेळेचे महत्त्व कुंभाराइतके कोणास कळणार? माती ओली आहे तोवर हात फिरतो. पहिल्या काही वर्षांत मेंदू झपाट्याने वाढतो, म्हणून मदत जितकी लवकर, तितकी उपयोगी. साधारण वर्षाचे मूल नावाने हाक मारली की पाहते, बोबडे आवाज काढते, हवी ती वस्तू बोटाने दाखवू लागते. सोळा महिन्यांपर्यंत एखादा शब्द, आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणे अपेक्षित असते. हे मागे पडत असेल, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गेले असतील, तर वाट पाहू नये. बाप उशिरा बोलला असेल. त्यावरून मुलाचे कान तपासू नयेत असे सिद्ध होत नाही. तपासून काही निघाले नाही तर नुकसान एका दिवसाच्या मजुरीचे. न तपासता काही असले तर नुकसान वर्षांचे.

खर्चाच्या भयानेही घरी बसू नये. 2013 सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी सरकारतर्फे मोफत होते. त्याची पथके अंगणवाडीत येतात. अंगणवाडीताई किंवा आशाताई यांना विचारले असता जिल्ह्याच्या ठिकाणी कोठे जावयाचे ते त्या सांगतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वे मानली आहेत. त्यांत श्रवणदोष, वाचादोष, बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता ही सारी आहेत. हे लेकराचे हक्क आहेत. यात मिंधेपणा नाही.

आता शेवटची शंका, आणि तीच खरी अवघड. सारे केले, तरी मूल इतरांसारखे झाले नाही तर? स्वमग्नता हा औषधाने जाणारा ताप नव्हे. शिकवण्याने पुष्कळ फरक पडतो, पण कोणाला किती, हे आधी सांगता येत नाही. येथे मात्र प्रारब्ध या शब्दाची जागा येते, आणि येथे तो गोड होतो. त्याचा अर्थ 'सोडून द्या' असा नव्हे. 'जे आहे ते माझे म्हणून घ्या' असा आहे. लेकरू पापाचे फळ नव्हे आणि कोणी अवतारही नव्हे. ते लेकरू आहे, एवढे पुरे. पहिल्याने आईचा अपमान होतो, दुसऱ्याने मुलाची मदत राहून जाते. आम्ही दोन्ही होताना पाहिले आहे.

आणि हा भार एकट्या आईचा नव्हे. त्या रात्री मुलाचा बाप मंडपाबाहेर मोटारसायकलवर बसून होता. आम्ही त्याला आत बोलाविले. म्हणालो, "बाबा, पोर दोघांचं, तर दवाखानाही दोघांचा." आपल्या दिंडीत, सप्ताहात असे मूल आले तर मृदंगाजवळ बसवू नये, काहींना मोठा आवाज सोसत नाही, ती कानांवर हात घेतात. ते ओरडले तर वळून पाहू नये, आईला उठून जावयास सांगू नये. आपण एकमेकांना माउली म्हणून पाया पडतो. ते पडणे खरे की नुसती रीत, याची परीक्षा अशा वेळी होते.

त्या बाईला आम्ही एवढेच सांगितले, "माई, तुझं चुकत नाही. नाम घेत घेत दवाखान्यात जा. पांडुरंग तिथंही आहे." यंदा आषाढीस तिचा निरोप आला. कान चांगले आहेत. स्वमग्नता आहे असे ठरले. आठवड्यातून दोनदा नवरा-बायको मुलाला घेऊन तालुक्याला शिकवणीस जातात. अजून तो आई म्हणत नाही. पण तहान लागली की रिकामा तांब्या आणून तिच्या हातात देतो आणि तिच्या तोंडाकडे पाहतो. पूर्वी तो पाहत नसे.

या मासिकाच्या द्वारे आम्ही आमच्या कीर्तनकार बंधूंना हात जोडून एवढीच विनंती करतो की असा प्रश्न आला तर आधी कथा सांगू नका. आधी विचारा, "कान तपासले का?" कथा मागून सांगता येते. इत्यलम्.

॥ रामकृष्णहरी ॥