रंगवलेल्या शेपट्या

गावाच्या कडेला चार घरं एका ओळीत उभी होती. भिंतीला भिंत लागलेली, वर एकच सलग कौलारू छप्पर. पहिल्या घरात एक आजी नातवाला घेऊन राहत होती. तिच्या शेजारी शिवणकाम करणारी मावशी, पुढे किराणा दुकानदार आणि शेवटच्या घरात एक निवृत्त गुरुजी.

त्या पावसाळ्यात चारही घरांत उंदीर झाले. मावशीकडे शिवायला आलेल्या कापडाची कड कुरतडली गेली. दुकानातल्या शेंगदाण्याच्या पोत्याला खालून भोक पडलं. गुरुजींच्या पेटीतल्या जुन्या पत्रांचा भुगा झाला. आजीच्या फळीवरच्या डब्यांमागे रात्रभर खुडबुड चाले.

पिंजरा मात्र चौघांत एकच होता, आजीचा. लाकडी पेटी, एका बाजूला तारेची जाळी, दुसऱ्या बाजूला वर उचलून अडकवायचं दार आणि आत लोखंडी आकडा. आजी सुक्या खोबऱ्याचा तुकडा निखाऱ्यावर धरायची. कड काळपट होऊन तेल सुटलं, की तो आकड्याला लावायची. खमंग वास घरभर पसरे आणि मध्यरात्री कधीतरी दार खट्कन पडे.

पिंजरा पाळीपाळीने चारही घरांत फिरू लागला. सापडलेला उंदीर मारायला कुणाचा हात धजत नसे. गणपतीचं वाहन ते. मग सकाळी तो बाहेर नेऊन सोडायचा. आजी मावशीच्या परसाकडच्या कुंपणात सोडायची. मावशी दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत. दुकानदार गुरुजींच्या केळीच्या आळ्यात. गुरुजी फिरायला निघाले, की आजीच्या गोठ्यामागच्या उकिरड्यावर. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. आपल्या दारापासून लांब, एवढंच प्रत्येकाने पाहिलं होतं.

आजीच्या नातवाकडे पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या रंगाचे डबे होते. एका सकाळी त्याने काडीला कापूस गुंडाळला आणि जाळीतून बाहेर आलेल्या शेपटीच्या टोकाला लाल रंग लावला. उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. मिशा तेवढ्या थरथरत होत्या.

“आता आपला ओळखू येईल,” नातू म्हणाला.

काही दिवसांनी दुकानदार पिंजरा हातात घेऊन आजीच्या दारात आला. आत लाल शेपटी होती.

“आजी, तुमचा उंदीर माझ्या दुकानात!”

आजी ओशाळली. मग हळूच म्हणाली, “शेठ, तुमच्याकडचे कुठं जातात?”

शेठ काही बोलला नाही.

नातवाने मग घराघराला रंग वाटून दिला. मावशीला निळा, शेठला हिरवा, गुरुजींना पिवळा. पंधरवडा गेला. हिरवी शेपटी गुरुजींकडे सापडली. पिवळी आजीकडे. आणि एके दिवशी मावशीकडे लावलेल्या पिंजऱ्यात तिनेच सोडलेला निळ्या शेपटीचा उंदीर होता, गावभर फिरून घरी परतलेला.

चौघं अंगणात पिंजऱ्याभोवती उभे राहिले. आधी गुरुजी बोलले. “मी उकिरड्यावर सोडत होतो. आजींच्या गोठ्यामागे.” मग एकेकाने आपापली जागा सांगितली.

त्याच सुमारास आजीची कौलं चाळायला एक मिस्त्री आला होता. तो वर चढला आणि त्याने सगळ्यांना हाक मारली. मधल्या भिंती छपरापर्यंत पोचतच नव्हत्या. वाशांखालून चारही घरांत एकच मोकळी वाट होती. खाली उतरून त्याने नातवाची शिसपेन्सिल मागून घेतली आणि भिंतीच्या कडेकडेने फिरत प्रत्येक फटीत घालून पाहिली.

“पेन्सिल जाते तिथून लहान उंदीर जातो. त्याचं डोकं मावलं की अंग मावतंच. आणि एक मादी जरी मागे राहिली, तरी २१ दिवसांत पाच-सहा पिल्लं.”

“मग आमची भोकं बुजवून टाक,” आजी म्हणाली.

“एकट्या तुमची बुजवली, तर ते मावशींकडे जातील. बुजवायची तर चारही घरांची, एकाच दिवशी.”

रविवारी सगळे कामाला लागले. मिस्त्रीने काचेचा चुरा सिमेंटमध्ये कालवला आणि फटी भरल्या. भिंतींच्या माथ्यावर विटांचा थर चढवला. शेठने पोती भिंतीपासून हातभर सरकवून फळ्यांवर ठेवली आणि सांडलेला दाणा न् दाणा झाडून काढला. गुरुजींनी कोपऱ्यातली रद्दी हलवली, तर तिच्यात कागदाच्या कपट्यांचं आणि मावशीकडच्या चिंध्यांचं मऊ घरटं होतं. बाजारातून आणखी तीन पिंजरे आले. उंदीर भिंतीला मिशा लावून पळतो, म्हणून सगळे भिंतीलगत लावले, चारही घरांत एकाच रात्री.

घरातला त्रास दाराबाहेर नेऊन ठेवला, की मोकळं वाटतं. पण बाहेर म्हणजे कुणाचं तरी आत असतं. या चौघांच्या डोक्यावरचं छप्पर पहिल्यापासून एकच होतं. आपलं घर मात्र ते वेगळं मोजत आले होते.

सापडलेले उंदीर सोडायचे कुठे, हा प्रश्न राहिलाच. शेठ म्हणाला, “ओढ्यापलीकडे.”

“तिथं कुणाचं शेत आहे?” नातवाने विचारलं.

यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी डोंगराखालचं गायरान ठरलं. तिथे ना पीक, ना वस्ती.

“तिथं घुबड खाईल त्यांना,” नातू म्हणाला.

“खाईल,” आजी म्हणाली. “ते आपल्याला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनच आपण नेतोय.”

पुढच्या वर्षी ओळीला लागून पाचवं घर उभं राहिलं. तिथली नवी सून एका संध्याकाळी पिंजरा मागायला आली. आजीने पिंजरा दिला, वर खोबऱ्याचा तुकडा दिला आणि नातवाला सांगितलं, “जा, चारही घरी निरोप दे. रविवारी मिस्त्रीला बोलवायचंय.”