वाटेवरची कृपा



करकंबहून मोटारसायकलने पंढरपूरकडे निघालो, की पाणी दिलेल्या उसाचा गारवा अंगावर येतो आणि मन हलके होते. वाटेत पेट्रोल संपले, तर कोणी अनोळखी थांबतो, स्वतःच्या टाकीतून बाटलीभर काढून देतो. ‘नशीब!’ असे आपण म्हणतो. पण ते नशीब म्हणजे थांबलेला माणूसच असतो.

यरीहोच्या वाटेवर शोमरोनीही असाच थांबला. मग रस्त्यात कोणी पडलेला दिसला, तर पोलिसांच्या ससेमिऱ्याला भिऊन आपण पुढे का जावे? २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायदा मदत करणाऱ्याला संरक्षण देतो; नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

या आठवड्यात आपणही कोणाचे तरी ‘नशीब’ होऊ या. प्रभू आपल्या वाटा सांभाळो.