गाडी कधी काढायची नाही

पस्तिशी-चाळिशीत लष्करातून निवृत्त होऊन गावी परतलेल्या एमटी (मेकॅनिकल ट्रान्सपोर्ट) ड्रायव्हरला हटकून मिळणारा सल्ला म्हणजे ‘ट्रकवर जा’. ज्याने साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या झोजिला खिंडीतून स्टॅलियन ट्रक नेला, त्याला पुणे-बेंगळुरू महामार्ग काय अवघड, असा त्यामागचा हिशेब असतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. बर्फातल्या वळणावर गाडी सांभाळणं हे कसब खरंच. मात्र लष्कर चालकाच्या अंगी त्याहून खोलवर मुरवतं ती एक जाण. गाडी कधी काढायची नाही, याची जाण.

लष्करात गाडी हलण्याआधी ‘फर्स्ट परेड’ होते. तेल, पाणी, टायरमधली हवा, चाकांचे नट, ब्रेकचा दाब हे सगळं रोज पाहायचं. काल पाहिलं होतं ही सबब चालत नाही. वाटेतल्या थांब्यावर ‘हॉल्ट परेड’, म्हणजे पुन्हा टायर, पुन्हा गळती, चाक तापलंय का ते पाहणं. मुक्कामी ‘लास्ट परेड’, आणि सापडलेला दोष वर कळवणं. कॉन्व्हॉयमध्ये पुढच्या गाडीशी ठरलेलं अंतर राखायचं आणि थांबण्याचा हुकूम आला की थांबायचं. वर्षानुवर्षं हे केलेल्या माणसाचा हात किल्लीकडे जाण्याआधी नजर चाकाकडे जाते.

अशा शिस्तीचं मोल काय, ते पुण्याच्या नवले पुलाने दाखवलं आहे. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री कात्रजच्या बोगद्याकडून उतरलेल्या एका ट्रकमुळे तिथे 48 वाहनांचं नुकसान झालं. सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचं बोललं गेलं. तपासात पुढे आलं ते निराळं : ब्रेक शाबूत होते, चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही बंद. मग पाय दाबला जाईल तसा टाकीतला दाब उतरत जातो. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचाच लगाम असतो, तोही सुटतो. उतारावर असं इंजिन बंद करून थोडं डिझेल वाचवण्याचा मोह आवरणं हेच घाटातलं ड्रायव्हिंग.

मग माजी सैनिक ट्रकवर बसला की प्रश्न सुटला? नाही. शिस्त माणसाच्या अंगात असली, तरी तिला टिकवते ती भोवतालची व्यवस्था. लष्करात गाडी उभी राहिली म्हणून जवानाचा पगार कापला जात नाही. दोष कळवला की वर्कशॉप तो दुरुस्त करतं. दोष लपवणाऱ्याला जाब द्यावा लागतो. बाहेर ट्रकवर बहुतेकदा खेपेचा हिशेब चालतो. फेरी लवकर संपली तर दुसरी मिळते, उशीर झाला तर कमाई घटते. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 तास काम आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या किती केबिनमध्ये ती पोहोचली, हे रस्त्यावरचा प्रत्येक जण जाणतो. अशा ठिकाणी थांबणाऱ्याला आळशी म्हणतात, आणि पंधरा वर्षांची शिस्त थोड्याच दिवसांत झिजू लागते. त्यात दोष एकट्या चालकाचा नसतो.

परवान्याची अडचण त्या मानाने लहान आहे. लष्करी वाहनांचा परवाना नागरी वाहनाला चालत नाही. पण तो असलेल्याला नागरी परवाना काढताना चाचणीतून सूट देण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात आहे. पुनर्वसन महासंचालनालयाच्या योजनेत माजी सैनिकांच्या कंपन्या कोल इंडियाच्या खाणींतला कोळसाही वाहतात. म्हणजे हाताचं कसब सरकारने मान्य केलं आहे. थांबण्याच्या जाणिवेला मान देणं मात्र ट्रकमालकाच्या हाती आहे.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा होणार आहे. अग्निपथ योजनेतल्या लष्कराच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण 2023 च्या आरंभी सुरू झालं. चार वर्षांची सेवा पूर्ण होताच तिच्यातले बहुसंख्य तरुण निवृत्तिवेतनाशिवाय बाहेर पडतील. त्यांतले काही नक्कीच स्टिअरिंग धरतील.

म्हणून मालकांना सांगणं असं : माजी सैनिक चालक हवा असेल, तर त्याला खेपेऐवजी महिन्याचा पगार द्या, लांबच्या फेरीला दुसरा चालक द्या, आणि ‘ही गाडी आज निघणार नाही’ असं तो म्हणाला तर त्याचं ऐका. आणि निवृत्त होणाऱ्या जवानांनो, नोकरी धरण्याआधी पगाराच्या आकड्याबरोबर एवढं विचारून घ्या : गाडीत दोष दिसला तर ती उभी करण्याचा अधिकार मला असेल का? उत्तर ‘नाही’ आलं, तर ती किल्ली घेऊ नका.