जेवलास का?



पिंपरी-चिंचवडच्या रहाटणी फाट्यावर सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहत मुलं उभी असतात. कुणी लातूरचा, कुणी बुलढाण्याचा. गळ्यात ओळखपत्र. त्यावर नाव ठळक लिहिलेलं. पण त्या नावानं हाक मारणारं इथे अजून कुणी नाही.

मुंबईच्या गिरणगावातही एकेकाळी असेच तरुण गिरण्यांत कामाला आले. कोकणातून, घाटावरून. एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपले. त्यांना त्या शहरात टिकवलं खानावळवाल्या बायकांनी. त्या पैसे घेत, हे खरं. पण उधारीवरही जेवू घालत. ‘जेवलास का?’ एवढं विचारणारं कुणीतरी होतं. पुढे सामाजिक कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी याच बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. केवढं मोठं काम ते!

मंडळी, परकं गाव आपलं होतं ते अशा विचारपुशीनं. ‘जेवलास का?’ या प्रश्नाला पैसे पडत नाहीत. थोडं थांबावं मात्र लागतं.

तुमच्या शेजारच्या खोलीतही रात्रपाळीचा एखादा मुलगा असेल. आपण त्याला गाडी नीट लाव म्हणतो. भाडं किती, विचारतो. आज जिन्यात भेटला, तर आधी विचारा, ‘जेवलास का?’ मग पाणी कधी येतं, घरगुती डबा कुठे मिळतो, ताप आला तर कुठल्या डॉक्टरांकडे जायचं, तेही सांगून टाका.