क्लेअर आर्चर का मरत नाही

‘फेटल अ‍ॅट्रॅक्शन’ (१९८७) मुळात वेगळा संपत होता. प्रकाशनसंस्थेत संपादक असलेली अ‍ॅलेक्स ‘मादाम बटरफ्लाय’ ऐकत स्वतःचा गळा चिरून घेते आणि सुरीवरच्या ठशांमुळे तिचा विवाहित प्रियकर खुनाच्या आरोपात अडकतो. चाचणीच्या खेळांना आलेल्या प्रेक्षकांना हे पचलं नाही. बाई आपणहून मेलेली त्यांना चालणार नव्हती, तिला कुणीतरी मारायला हवं होतं. ग्लेन क्लोजने विरोध केला, तरी शेवट नव्याने चित्रित झाला आणि प्रियकराच्या बायकोने अ‍ॅलेक्सला बाथरूममध्ये गोळी घातली. सुमारे १.४ कोटी डॉलरमध्ये केलेल्या या सिनेमाने जगभरात ३२ कोटींच्या घरात कमाई केली. एवढा गल्ला पाहून नक्कल होणार, हे उघडच होतं.

रॉजर कॉर्मन या कामात मुरलेला. दुसऱ्याच सिनेमाच्या उरलेल्या सेटवर दोन-तीन दिवसांत ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ उरकणारा हा माणूस. त्याच्या ‘काँकॉर्ड’ कंपनीने १९९० मध्ये ‘बॉडी केमिस्ट्री’ काढला. टॉम आणि क्लेअर आर्चर हे दोघं लैंगिक वर्तनावर संशोधन करणारे. सहकारी म्हणून जवळ येतात, तो मागे सरकतो, ती सरकत नाही. दिग्दर्शन क्रिस्टिन पीटरसन या बाईचं. तेवढ्यावरून मोठा निष्कर्ष काढायचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा.

या जातीच्या सिनेमांना कचेरी सोयीची, कारण ती स्वस्त पडते. रात्री मोकळी मिळते. टेबल, फोन, फायलींचं कपाट आधीच जागेवर असतं. खिडकीच्या ब्लाइंड्समागे एक दिवा लावला की भिंतीवर आणि अंगावर उजेडाच्या पट्ट्या पडतात, आणि भिंतीचा उडालेला रंग कुणाच्या लक्षात येत नाही. वर सॅक्सोफोन. पुढे व्हिडिओ कॅसेट आणि रात्रीचं केबल यांवर पैसे वसूल होत. थिएटरची गरजही फारशी उरली नव्हती.

मोठ्या सिनेमात बाईला मारून प्रेक्षक खूश झाले. स्वस्त नकलेत मात्र क्लेअर जगली. नुसती जगली नाही, तर तिचे एकूण चार सिनेमे झाले, १९९५ पर्यंत. लिसा पेशिया, मग शॅरी शॅटक, मग शॅनन ट्वीड, अशा तिघींनी ती केली. तिसऱ्यात तर एक टीव्ही निर्माता तिच्याच आयुष्यावर सिनेमा काढायला निघतो. कॉर्मनच्या कंपनीने आपली हिशोबाची वही पडद्यावर वाचून दाखवावी तसं. मेलेल्या पात्राचा दुसरा भाग निघत नाही, म्हणून बाईला शिक्षा नाही. यात स्त्रीवाद शोधू नये. पण प्रतिष्ठित स्टुडिओला जे सुचलं नाही ते काटकसरीने घडवलं, हेही नाकारता येत नाही.

मात्र याच काटकसरीने कचेरीही गायब केली. जास्त नट म्हणजे जास्त मानधन. म्हणून कारकून नाहीत, शिपाई नाही, कुणाची बढती अडलेली नाही. दोनच माणसं आणि वासना. खऱ्या ऑफिसात प्रकरण दोघांचं कधीच नसतं. रजेचा अर्ज कोणी मंजूर करायचा, गोपनीय अहवाल कोणी लिहायचा, इथपर्यंत ते पोचतं. ही सत्ता पडद्यावर आली ती ‘डिस्क्लोजर’मध्ये (१९९४), पण उलटी: छळणारी बॉस बाई, छळला जाणारा पुरुष. दहा वर्षांनी अब्बास-मस्तान यांनी तेच ‘ऐतराज’मध्ये आणलं आणि प्रियांका चोप्राची खलनायिका गाजली. त्याआधी १९९७ मध्येच आपल्याकडे कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला होता. त्यामागे होती राजस्थानच्या खेड्यात सरकारी योजनेत काम करताना बालविवाह रोखू पाहणारी भंवरीदेवी आणि तिच्यावरचा सामूहिक बलात्कार. वातानुकूलित केबिन, उंच टाचा यांतलं काहीच तिथे नव्हतं. अशा कामाच्या जागेवर उत्तेजक थरारपट निघणं शक्य नाही, आणि म्हणूनच त्या थरारपटांचं ऑफिस मला इतकं खोटं वाटतं.

त्या मानाने बी. आर. चोप्रांचा ‘पति पत्नी और वो’ (१९७८) विनोदी असूनही जास्त जाणता. संजीवकुमारचा साहेब सेक्रेटरीची सहानुभूती मिळवायला बायकोला कॅन्सर झाल्याचं सांगतो. ही थाप रोज त्याच कचेरीत, चार माणसांच्या देखत निभवायची असते, आणि सगळी गंमत व सगळी लाज त्यातून येते. क्लेअर आणि टॉमच्या गोष्टीत एवढंच हवं होतं: एखादी टेलिफोन ऑपरेटर. १९९० मध्येही अनेक कचेऱ्यांत बाहेरून येणारे फोन तिच्याच हातून जोडले जात. कोण कुणाला दिवसातून किती वेळा फोन लावतो, बायकोचा फोन आला की साहेब ‘मीटिंगमध्ये’ कसा असतो, हे तिला बायकोच्याही आधी कळलं असतं. तिचं मानधन फार झालं नसतं. पण मग क्लेअरला वेडी ठरवणं अवघड गेलं असतं, कारण टॉमने आधी काय काय कबूल केलं होतं, हे सांगायला साक्षीदार तयार झाली असती.