वाळीत टाकलेला मनुष्य
(शास्त्रभाग : योहान, अध्याय ९)

'टाळणें' आणि 'वाळणें' हे शब्द कानास सारखे लागतात. पण टाळणें हें एकट्याचेंहि असूं शकतें, वाळीत टाकणें हें सर्व गांवानें मिळून केलेलें टाळणें होय. गांवकीनें ठरविलें कीं त्या घराशीं बोलणें नाहीं, दुकानांतून मीठ नाहीं, लग्नाचें बोलावणें नाहीं, प्रेतास खांदाहि नाहीं. 'वाळणें' म्हणजे सुकणेंहि. आणि असें घर खरोखरच सुकत जातें. पेण व रोहें येथील वाचकांस हें समजावून सांगावयास नको. रायगड जिल्ह्यांतील अशा अनेक तक्रारी २०१४ सालीं उजेडांत आल्या.

३ जुलै २०१७ पासून महाराष्ट्रांत सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे. त्यास ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. कायदा अपराध्यास शिक्षा करील. पण भ्यालेल्या शेजाऱ्यास बोलतें कोण करील?

ह्या अध्यायांतील जन्मांध मनुष्य डोळस झाला, खरें बोलला, आणि घालवून दिला गेला. सभाबहिष्काराच्या भयानें त्याच्या आईबापांनींहि उत्तर टाळलें. पाहा, बहिष्काराचें बळ ठराव करणाऱ्यांत थोडें, गप्प बसणाऱ्यांत फार. परंतु येशूनें तें ऐकलें आणि त्या मनुष्यास गांठलें.

म्हणून बंधुभगिनींनो, आणि विशेषेंकरून उपदेशकहो, वाळीत पडलेल्याच्या ओटीवर ह्याच आठवड्यांत जाऊन बसा. त्याच्या घरचें पाणी प्या. आपल्या मंडळींतहि कोणी असा सुकत आहे काय, हें प्रत्येकानें पाहावें.