दोष कोणाचा, हें केव्हां विचारावें?

एखाद्या गांवीं मध्यरात्रीं एका गृहस्थास रक्ताची उलटी होते. घरचीं माणसें घाबरून गाडी आणावयास धांवतात, आणि अंगणांत जमलेल्यांपैकीं कोणी तरी हळूच म्हणतो, "दारूचें फळ मिळालें." तो शब्द आजाऱ्याच्या कानीं पडतो, त्याच्या पत्नीच्याही पडतो. वाचकहो, तो शब्द खरा असला तरी त्या वेळीं उच्चारणें न्याय्य आहे काय?

प्रथम रोग काय आहे तें पाहूं. यकृतास दीर्घकाळ इजा होत गेली म्हणजे त्यांत वण पडून तें कठीण होतें. यासच सिरॉसिस म्हणतात. आंतडीं व प्लीहा यांजकडील रक्त यकृतांतून हृदयाकडे जावयाचें असतें. ती वाट अडली म्हणजे मागें दाब वाढतो व रक्त आडवाटा धरितें. मग अन्ननलिकेच्या खालच्या टोंकाच्या नाजूक शिरा फुगतात, आणि एके दिवशीं फुटतात. आजचे सर्व उपाय केले तरी अशा १०० रोग्यांपैकीं सुमारें १५ जण ६ आठवड्यांच्या आंत दगावतात.

मद्य हें या रोगाचें मोठें कारण आहे, यांत शंका नाहीं. परंतु 'बी' व 'सी' जातींच्या काविळीचे विषाणु आणि यकृतांत सांचणारी चरबी हींही तशींच कारणें आहेत. 'बी' जातीचा विषाणु तर पुष्कळदां जन्मसमयींच मातेकडून बालकास लागतो. ज्यानें उभ्या जन्मांत मद्यास स्पर्श केला नाहीं तोही असेंच रक्त ओकतो. तेव्हां अंगणांतून निवाडा देणारा कित्येकदां खोटी साक्ष देत असतो.

पण एवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. समजा, तो खरोखरच मद्यपी होता; मग काय? डॉक्टर दुर्बिणीच्या साहाय्यानें फुटलेल्या शिरेवर रबराचें कडें बसवितात, तें प्यालेल्याची व न प्यालेल्याची शीर सारखीच आवळतें. ज्यानें आपलें रक्त पेढीस दिलें, त्यानें तें कोणास मिळावें याची अट घातलेली नसते. मग आपणच ती अट कां घालावी?

शिवाय दूषणानें प्राणही जातात. शौचास डांबरासारखें काळें होऊं लागलें तरी मनुष्य लाजेनें तें लपवितो. वस्तुतः वेळींच तपासणी झाली तर फुगलेल्या शिरा फुटण्यापूर्वींच दिसतात, व दाब उतरविणारें औषधही आहे. हृदयाच्या रोगांकरितां वापरांत असलेलें प्रोप्रॅनोलॉल असा रक्तस्राव पुन्हां होण्याचें प्रमाण घटवितें, हें पॅरिस येथील डॉक्टरांनीं १९८१ सालीं दाखवून दिलें. परंतु जो भयानें घरींच बसला, त्यास औषधाचा काय उपयोग?

कोणी म्हणेल, "दोष दिला नाहीं तर व्यसनास उत्तेजन मिळेल." परंतु कारण शोधणें निराळें आणि दोष देणें निराळें. डॉक्टरांनीं "किती पितां?" असें विचारलेंच पाहिजे, व रोग्यानें खरें सांगितलेंच पाहिजे; कारण मद्य सोडल्यानें तो दाब पुष्कळ अंशीं उतरूं शकतो. सत्य टाळणें ही दया नव्हे. मात्र रक्त वाहत असतां एकच कर्तव्य उरतें, तें म्हणजे क्षणाचाही विलंब न लावितां रोग्यास मोठ्या रुग्णालयांत पोहोंचविणें.

मद्य सोडण्याचा उपदेश त्यानंतर करावा. आणि ज्यानें त्या रात्रीं उलटीचें पात्र हातीं धरिलें, त्याच्याच तोंडीं तो शोभेल.